परवाचं इचारा ना!

मंगळवारी एका साध्या प्रश्नाने माझी पुरती पंचाईत केली.

सध्या मी एका सर्व्हेचं काम करतेय... माणसं दिवसभर काय करतात, याचा सर्व्हे. सिंदी मेघेहून स्कूटी काढायची, पुलगावकडची गावं फिरायची आणि भेटेल त्याला विचारायचं, काल काय केलं? टॅबवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. एक जरी रिकामा राहिला तरी टॅब पुढे सरकत नाही, माझ्या सासूबाईंपेक्षा हट्टी!

देविदासभाऊ घरीच सापडले. पन्नाशीचे, मिळेल त्या शेतात रोजीने जाणारे. सध्या कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे गावातल्या बायकांना रोज काम. वेचणीला गडीमाणसाला कोण बोलावतो? वहिनी शेतात, भाऊ अंगणात.

काल सकाळी भाऊ उठले, चहा घेतला, पारावर गेले. मग? बसलो. मग? बसलो... जेवलो... बसलो. पाच-सहा रकान्यांनंतर मलाच विचारायची लाज वाटू लागली.

मदत म्हणून विचारलं, "विश्रांती लिहू का?" तर भाऊ चिडलेच. "थकलो कुठी मी? विश्रांती काऊन लिहिता?" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "कालचं नका इचारू मॅडम. परवाचं इचारा ना... परवा दिवसभर तुरीवर फवारा मारून राह्यलो होतो."

आता नियम म्हणजे नियम. काल म्हणजे कालच, परवा चालत नाही. पण ते रकाने भरायला माझा हात धजेना. वहिनींची माहिती घ्यायला पुन्हा यायचंच होतं, म्हणून फॉर्म तसाच सोडून उठले. भाऊ खुलले. "या, या. आज दुपारी ट्रॅक्टरवाला बोलावणार हाय मले. उद्या पुरा दिवस सांगतो तुमाले!"

बुधवारी सकाळीच पोचले. आधी वहिनींचं उरकलं. निघता निघता त्या हळूच म्हणाल्या, ट्रॅक्टरवाला काही आलाच नाही. आता पुन्हा सगळं तेच विचारायचं?

भाऊ मात्र धुतलेला शर्ट घालून समोर बसलेले. मी तोंड उघडायच्या आधीच सुरू झाले, "लिहा. काल दहा ते अकरा, मॅडम आल्या होत्या. त्यायच्यासंग बोललो."

एवढं बोलून माझ्या बोटाकडे बघत राहिले, लिहितेय की नाही ते.

मी लिहिलं. टॅबवर प्रत्येक कामाला ठरलेला कोड असतो, इथे कोणता टाकावा ते कळेना. गप्पा म्हणू? भेटगाठ? मी तर माझं काम करत होते. दोघं एकाच अंगणात, एकच तास... मी विचारायला गेले हे बरं झालं की वाईट, तेही अजून उमगत नाही.

भाऊ, तुमचा तो तास लिहिलाय बरं का. बाकीच्या रकान्यांत काय लिहू, ते मात्र खरंच कळत नाहीये...