एक मेच्या कुरडया

एक मे म्हणजे आमच्या रेल्वे वर्कशॉपला सुट्टी आणि आमच्या घरी कुरडया. झाशीच्या उन्हात सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते, म्हणून लग्नानंतर बायकोनं हाच दिवस ठरवून टाकला. त्यात माझं काम एवढंच, की गच्चीवर खाटा चढवायच्या आणि खाली येऊन पंख्याखाली पडायचं. कामगार दिन मी असाच साजरा करत आलो.

यंदा मात्र ती म्हणाली, "कुरडया नकोत." थंडीत ओल्या जिन्यावर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं कपाटामागे टाकून दिला. "हा हात आता असाच राहणार," असं ती अगदी शांतपणे म्हणायची. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी मीच चिडून गहू भिजत घातले. चोरून. पण आंबलेल्या गव्हाचा वास घरात लपतो का? तिला कळलं होतंच.

सुट्टीच्या दिवशी उजाडताच मी आणि मुलगी कामाला लागलो. आदल्या दिवशी गहू वाटून गाळून ठेवले होते, त्याचा चीक खाली बसला होता. वरचं पाणी ओतून मी तो आधणात घातला आणि ढवळू लागलो. हात भरून आला, घामाच्या धारा लागल्या, आणि पातेल्यातलं ते दुधासारखं पांढरं पाहता पाहता पारदर्शक झालं. मी थक्क होऊन बघत राहिलो. इतकी वर्षं हे माझ्याच स्वयंपाकघरात घडत होतं आणि मी घोरत होतो!

पातेलं गच्चीवर नेलं. मानिक चौकातल्या बाजारातून आणलेलं नवं प्लास्टिक खाटेवर अंथरलं. शेजारच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "काए भैया, आज आप बना रए?"

"हओ," मी ऐटीत म्हणालो, "मजदूर दिवस है न!"

बायको जिन्याच्या सावलीत खुर्चीवर येऊन बसली, उजवा हात मांडीवर ठेवून. "तमाशा बघायला आलेय," म्हणाली.

तमाशा झालाच. तापलेल्या लोखंडाला हात लावायचा नाही, आधी निवू द्यायचं, हे वर्कशॉपात माझ्या अंगात मुरलेलं. मी पितळी सोऱ्यात चीक भरला आणि सोऱ्या बाजूला ठेवला, निवायला. थोड्या वेळानं वरची मूठ फिरवली तर फिरेचना. सगळा जोर लावला, तसा एक गोळा धपकन खाटेवर पडला.

"पापा, ये तो लड्डू हो गया!" मुलगी हसत सुटली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीतच.

"अहो, निवू काय देताय! चटके बसतानाच घालायच्या असतात!" बायको तरातरा उठून आली. पातेल्याच्या तळाशी चीक अजून गरम होता. तो तिनं मला भरायला लावला, पदरानं सोऱ्या डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं मूठ फिरवली.

तिच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या आलं. मुठीवर मिटलेली बोटं, पांढरी पडलेली पेरं, आणि खाली चिकाच्या बारीक तारा एकीवर एक उतरत होत्या. मुलीनं माझा दंड घट्ट धरला. पायाखाली गच्ची तापत होती, ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि मी हात जोडले. कोणाला, ते मलाही माहीत नाही. उपकार झाले, एवढंच मनात होतं.

कुरडई वाकडी झाली, एका बाजूला फुगलेली. तिनं ती पाहिली, मग स्वतःची बोटं पाहिली. उघडली, पुन्हा मिटली. तिचे डोळे भरून आले.

"बघताय काय नुसते?" ती खेकसली. "भरा पुढचा! निवला की संपलं!"

किती महिन्यांनी ती माझ्यावर ओरडत होती.