सांडपाण्याचे डॉक्टर

माझे गुडघे दुखतात. त्यामुळे जंगलातल्या त्या निसर्गनिवासात पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी "डॉक्टर मागे असतात" असं कुणी बोलताना कानावर पडलं, तशी मी निघालेच. मागे म्हणजे स्वयंपाकघराच्याही मागे, जिथे पाहुण्यांनी जाऊ नये म्हणून वेलींचा पडदा सोडला होता. पडदा दिसला की मला पलीकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात, मी जिज्ञासा म्हणते.

पलीकडे डॉक्टर जमिनीवर पालथे पडून एका चेंबरमध्ये नाक खुपसून वास घेत होते. पन्नाशी उलटलेला, काटक माणूस. गुडघ्यांचं ऐकून ते हसले. गुडघ्यांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, म्हणाले. ते सांडपाणी बघायचे, आणि रोज सकाळी प्रत्येक खोलीच्या पाण्याची नाडी बघतात म्हणून बाकीच्या कामगारांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं.

आम्ही तिथे कसे पोचलो तेही सांगते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हाला तीन रात्री पाठवलं होतं. बांबूच्या खोल्या, एसी नाही, टीव्ही नाही, आणि नाही नाही म्हणताना थाट असा की उशीसुद्धा विचारून निवडायची. आल्याआल्या आमचे साबण, शाम्पू, पावडरी सगळं एका कापडी पिशवीत जमा करून घेतलं आणि रिठ्याचं पाणी हातात दिलं. मी सगळं निमूट दिलं. एक वस्तू तेवढी औषधांच्या डब्यात दडवली. माझा कलप.

शेवटच्या दिवशी लेक फोटोग्राफरला घेऊन येणार होती आणि माझ्या भांगात पांढरी रेघ दिसायला लागली होती. माझे केस पिकलेत हे ह्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. एवढंसं पाकीट आणि एवढं मोठं जंगल, काय होतंय, असं म्हणून मी पहिल्याच संध्याकाळी उरकून घेतलं. मोरी दोनदा धुतली.

डॉक्टरांकडे मात्र मी त्या दिवशी तासभर रमले. बारा खोल्यांचं पाणी सहा वाफ्यांत जायचं. वाफ्यात तळाला खडी, वर वाळू, त्यात कर्दळ आणि लव्हाळे लावलेले. मुळांशी जे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात ते घाण खाऊन टाकतात, आणि चार दिवसांनी ते पाणी तळ्यात उतरतं. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. चार नंबरची मंडळी रोज तेलाने मालिश करतात. नऊ नंबरमध्ये रुसवाफुगवी चाललीय, कारण काल दोघांऐवजी एकाच्याच आंघोळीचं पाणी आलं. मी हसून हसून बेजार झाले. आमच्या सात नंबरचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तुमचं बरंय," आणि वाकून झाकण लावायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी चहा तसाच टाकून तिकडे गेले. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं ते त्या दिवशी. वीस वर्षं त्यांनी एका शहराच्या गटारात उतरून काम केलं होतं. तिथलं पाणी कुणाचं, कुठून आलं, कुठे चाललं, काही कळायचं नाही. एके दिवशी बरोबरचा जोडीदार त्यांच्याआधी खाली उतरला आणि वर आलाच नाही. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं. घाण पाणी शेवटी स्वच्छ होऊन बाहेर पडताना एकदा तरी डोळ्यांनी बघायचं, एवढीच इच्छा होती, असं ते म्हणाले. इथे पहिली तीन वर्षं कर्दळ नुसती कुजत गेली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. चौथ्या वर्षी तळ्यात बेडूक आले. पूर्वी त्यांना दोनदा आंघोळ केल्याशिवाय घरात न घेणारी बायको आता त्याच पाण्यावर भाजी लावते.

हे सांगत असताना ते बादल्या भरभरून एका वाफ्यातलं पाणी लांबच्या कोरड्या खड्ड्यात नेऊन ओतत होते. वाफ्याचा व्हॉल्व्ह बंद होता. वर मेलेल्या गोगलगायी तरंगत होत्या आणि कर्दळीची पानं कडेने करपली होती. काय झालं, मी विचारलं.

"काहीतरी जहाल आत गेलंय. काळं होतं," ते बादलीकडे बघत म्हणाले.

माझा हात आपोआप केसांकडे गेला. उद्या तपासणी, हेही त्यांनीच सांगितलं. तीन वर्षांतून एकदा होते, आणि तिच्यावरच या जागेचं पर्यावरणाचं प्रमाणपत्र टिकतं. वाफा बंद सापडला तर वाफे बुजवून मशीन बसवायचं, असं व्यवस्थापिकेने केव्हाच बोलून ठेवलं होतं. मशीनला डॉक्टर लागत नाही. मग तपासणीत काय सांगणार, मी चाचरत विचारलं. साफसफाईचं औषध आपल्याच हातून सांडलं असं सांगू, म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तशीच खोलीवर परतले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "केस पांढरे आहेत म्हणून कुणाला फाशी देत नाहीत." ह्यांना टक्कल आहे, ह्यांना काय कळणार! पण मी स्वतःला समजावत राहिले, की कलप कुणाचा ते त्या बिचाऱ्याला थोडंच ठाऊक आहे. गुपचूप निघून जाता येईल, असाही विचार मनात आला. खोटं कशाला बोलू?

सकाळी वेलींच्या पडद्यामागे दोन तपासनीस, व्यवस्थापिका आणि डॉक्टर उभे होते. मी गेले. लेक नुकतीच पोचली होती, तीही मागोमाग आली. डॉक्टर खाली बघून म्हणत होते की चूक त्यांची आहे.

"चूक त्यांची नाही," मी म्हणाले. "पाकीट माझं. मी पासष्ट वर्षांची आहे, माझे सगळे केस पांढरे आहेत आणि मी इथे कलप लावला."

लेक माझ्या केसांकडे बघत राहिली. तपासनीस बाईंनी डॉक्टरांना विचारलं की तुमच्या लक्षात कधी आलं. परवा सकाळी, सात नंबरचं चेंबर उघडल्यावर, ते म्हणाले. तासाभरात वाफा बंद केला, तळ्यात थेंब गेला नाही. बाईंनी तळ्याचं पाणी नळीत भरून घेतलं, त्यात औषध घालून निरखलं आणि सांगितलं की पाणी उत्तम आहे. वाफा महिन्याने पुन्हा बघू, पण हा माणूस हलवलात तर मात्र प्रमाणपत्राचं आम्हाला नव्याने बघावं लागेल.

व्यवस्थापिका ओशाळली होती, त्यामुळे चिडलीही होती. परवापासून माहीत होतं तर या मॅडमचं नाव का सांगितलं नाही, तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बारा वर्षं झाली मला इथे. लोक येतात, तळ्याचे फोटो काढतात आणि जातात. हे पाणी साफ कसं होतं, असं मागे येऊन विचारणाऱ्या या ताई पहिल्याच. नाव सांगितलं असतं तर लाजेने परत आल्या नसत्या. माझा शेवटचा वाफा दाखवायचा राहिला होता."

लेक फोटोसाठी हाका मारत होती. मी डोळे पुसले आणि त्यांच्या मागोमाग शेवटच्या वाफ्याकडे गेले.