चुंबकाची व्युत्पत्ती

मुखेडजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींनी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस आणलं, म्हणून मुख्याध्यापकांनी माझा सत्कार ठेवला. समोर मुलं आणि पालक, पहिल्या रांगेत संस्थेचे लोक.

शाल पांघरल्यावरही सरांचा हात माझ्या खांद्यावरून निघेना. तोंडाला गुटख्याचा गोडसर वास. मग माईक हातात घेऊन म्हणाले, "आमच्या बाईंचं व्यक्तिमत्त्व एकदम चुंबकीय हाय. पोरं खेचली जातात, अन् आम्ही बी!"

लोक हसले.

"आता चुंबक हा शब्द कशावरून आला, ते बाईच सांगतील. सांगा की. लाजताव कशाला?"

आठवडाभर स्टाफरूममध्ये ते हा शब्द माझ्याकडे बघत चघळत होते. मी माईक घेतला.

"संस्कृतात चुंब् म्हणजे चुंबन घेणं. लोखंडाला जाऊन चिकटतो, म्हणून तो चुंबक. लोखंडाला कुणी विचारत नाही. मी लोखंड नाही, सर. हा शब्द माझ्यासाठी वापरू नका, आणि परत हात लावू नका."

मी शाल खुर्चीवर टाकून खाली उतरले.

व्हरांड्यात उर्दूचे वयस्कर सर भेटले. "बेटी, आमच्या उर्दूत चुंबकाला मकनातीस म्हणतात. त्यात असलं काही नाही."

"तुम्हीपण हसलात ना, सर?"

त्यांनी मान खाली घातली. "हाव. हसलो. सगळे हसले म्हणून."

त्यांचीही मला किळस आली. चांगला माणूस म्हणून तर जास्तच.

नळावर खांदा खसाखसा धूत होते, तेव्हा आठवीतली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. "बाई, मोठे सर वह्या तपासताना आमच्याबी खांद्यावर हात ठेवतेत. काढतच न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. लेखी तक्रार दिली. ते कागद न वाचताच म्हणाले, "बाई, शाळेचं नाव खराब होईल बघा." आई उठली नाही. म्हणाली, "मग म्या पोलिसात जाते." तेव्हा कुठं त्यांनी चष्मा लावला.

महिनाभरात मुख्याध्यापकांची बदली झाली, संस्थेच्याच लातूरकडच्या शाळेत. निरोपाला पेढे वाटले. मी घेतला नाही.

तिकडच्या शाळेतही मुली आहेत.