तळेघरच्या पावण्यांचा तिसरा खंड

वाचनालयाचं दार उघडलं की शीला आधी उंबऱ्यावर जरा थांबायची. रात्रभर कोंडून राहिलेला कागदाचा वास अंगावर यायचा आणि तिचा चेहरा असा फुलायचा, की समोरचा चहावाला रोज विचारायचा, "ताई, आत लग्नघर हाय का काय?"

"रोजच लग्न असतंय राव हितं," म्हणत ती केरसुणी हातात घ्यायची.

मंचरहून भीमाशंकरकडं निघालं की डोंगर जिथं रस्त्याच्या जवळ येऊ लागतात, तिथलं हे गाव. दोन खोल्यांचं वाचनालय, सहा हजार पुस्तकं आणि त्या सगळ्यांना मिळून एकटी शीला. झाडायचं तिनं, वर्तमानपत्रं लावायची तिनं, पुस्तकं द्यायची-घ्यायची तिनं, आणि फाटलेली पानं गव्हाच्या खळीनं जोडायची तीही तिनंच. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकायची. नवरा गोकुळ पिकअपमधून कांदा-बटाटा मंचरच्या बाजारात न्यायचा. पाचवीतली प्राची शाळा सुटली की दप्तरासकट वाचनालयात यायची. घरात दूध उतू गेलं की कारण एकच असायचं, शीला पुस्तकात होती. शेवटी गोकुळनं दूध तापवायचं काम स्वतःकडं घेतलं आणि घरात शांतता झाली.

अशा या बाईला एक ठसठस होती. नऊ वर्षांची.

वाचनालयात तीन खंडांची एक जुनी कादंबरी होती. रखमा नावाची बाई दुष्काळात दोन बैल घेऊन घर सोडते आणि घाटाच्या वाटेला लागते. शीला नोकरीला लागली त्या महिन्यात तिनं दोन खंड संपवले. दुसऱ्या खंडाच्या शेवटी रखमाला घाटमाथ्यावरची खिंड दिसते. खिंडीच्या पलीकडं कोकणात उतरणारी वाट, तिथं वाट बघणारा एक भला माणूस. पाठीमागं सोडून आलेलं घर. पुढं काय? शीलानं कपाट उघडलं, तर तिसरा खंड जागेवर नव्हता.

जुन्या ग्रंथपालांच्या वहीत त्या खंडापुढं शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तळेघरचे पावणे'. एवढंच. ज्याला सगळा गाव ओळखतो त्याचं नाव कशाला लिहायचं, असा त्यांचा हिशेब. शीला नोकरीला लागायच्या आधीच ते वारले आणि पावण्यांचं नावही त्यांच्याबरोबर गेलं. शीलानं तळेघरच्या एसटीतल्या किती माणसांना विचारलं असेल! पण तिकडचा प्रत्येक जण इकडं कुणाचा ना कुणाचा पावणाच. पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं, रद्दीवाल्यांना सांगून ठेवलं. मिळेना. रखमा आपली घाटातच. भाकरी थापता थापता शीला तिला विचारायची, "काय गं, कुठं जाणार हायेस?"

दिवाळी होऊन महिना झाला होता. शीला खळ ढवळत बसली होती, तेवढ्यात पन्नाशीचा एक गडी चपला बाहेर काढून दारात उभा राहिला.

"ताई, पोथी वाचणारं कोण मिळंल का? मी दादाभाऊ, तळेघरकडचा."

"कुठली पोथी?"

"ते न्हाई ठावं. आमचे बाबा वाचायचे, हौशीराम. पारायण अर्ध्यात राह्यलं अन् बाबा गेले. तवापासनं आईनं लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठिवलीय. कुणाला सोडू देत न्हाई. वाडीतल्या बाया हळद-कुंकू वाहून जात्यात. आता म्हणती, मला ऐकू येतंय तवर पुरी करा."

"मग तुम्हीच वाचा की."

"म्या एकदा पेपर वाचून दावला तिला. म्हणली, तू वाचतोस का गिरणी चालवतोस?"

शीलाला हसू आलं. "बरं, देव कोणता आहे त्यात? काहीतरी कानावर पडलं असेल."

दादाभाऊनं डोकं खाजवलं. "देवाचं आठवत न्हाई बा. एक बाई व्हती. दोन बैल घिऊन घाट चढत व्हती..."

चमचा खळीत बुडाला. शीला उभी राहिली होती.

"बैलांची नावं?"

"एक पवळ्या. अन् दुसरा..."

"सोन्या!" दोघं एकदमच ओरडले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी दचकून वर बघितलं.

तो गुरुवार होता. शुक्रवार-शनिवार शीलानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. आमटीत दोनदा मीठ पडलं. गोकुळ म्हणाला, "नऊ वर्षं निघाली, आता दोन दिवस न्हाई निघत व्हय?"

"तेच दोन जड चाललेत," ती म्हणाली.

रविवारी पहिल्या एसटीनं मायलेकी निघाल्या. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उन्हात लखलखत होतं, पण शीलाला खिडकीतून फक्त खिंड दिसत होती. तळेघरला उतरून अर्धा तास पायवाट. प्राची मागून ओरडायची, "आई, हळू! पुस्तक काय पळून चाललंय?"

अंगणात नाचणी वाळत घातली होती. कडेला बसलेली कुशाबाई, दादाभाऊची आई, ऐंशीच्या पुढची. तिनं शीलाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"तूच का वाचणार? घशात दम हाय ना? लई पानं हायेत."

शीलानं वाटेत बोलणं जुळवून ठेवलं होतं. म्हातारीचा जीव दुखावायला नको. ती जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, एक सांगायचंय. रागवू नका. ही पोथी नाही..."

कुशाबाई दात नसलेलं तोंड उघडून खदखदा हसली. "अगं बाय माजे, मला येडी समजलीस का? पोथीतली बाई सासूला असल्या शिव्या देती व्हय?"

"मग देव्हाऱ्यात?"

"वाडीनं पोथी म्हणली, म्या म्हणू दिलं. पोथी म्हणली की चूल पेटवायला कुणी पानं फाडत न्हाई."

दादाभाऊ तोंडाकडं बघतच राहिला. "आये! अन् म्या नऊ वर्सं रोज पाया पडतोय!"

"पड की. बिघडलं काय? बापाच्या हातची वस्तू हाय."

मग ती सांगू लागली. हौशीराम संध्याकाळी मोठ्यानं वाचायचा आणि ती चुलीपुढं भाकरी थापत ऐकायची. दोघांची पैज लागली होती. ती म्हणायची, रखमा कोकणात उतरणार. तो म्हणायचा, न्हाई उतरायची, तू बघच. आणि बघायच्या आधीच तो गेला.

लाल फडकं सुटलं. शीलाच्या वाचनालयाची रीत होती, प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर गुपचूप शिक्का मारायचा. तिनं पान काढलं. जांभळा शिक्का, त्यावर हळदीचा डाग. निम्म्यात एसटीचं जुनं तिकीट, हौशीराम थांबला होता तिथं.

"आई, शेवटचं पान बघ ना!" प्राची कानात कुजबुजली.

म्हातारीला ऐकू आलंच. "ए चिमणे, लावणी झाल्या झाल्या कुणी इळा घिऊन शेतात जातं व्हय?"

पण शीलानं तर तिकिटाच्या आधीचीही पानं वाचली नव्हती. ती कुशाबाईनं सांगितली, तोंडपाठ! रखमाचा पाय कुठं घसरला, पवळ्या कुठं अडून बसला, धनगराच्या वाड्यावर तिला ताक कुणी दिलं. अक्षर न ओळखणारी बाई निम्मं पुस्तक बोलत होती आणि सहा हजार पुस्तकांची मालकीण तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग तिकिटाच्या पानापासून शीलानं आवाज लावला. वाडीतल्या बाया नाचणी राखायच्या निमित्तानं येऊन बसल्या. मध्ये भाकरी आणि चटणी झाली. पुन्हा वाचन. रखमा खिंडीत पोचली, बैलांना पाणी दाखवलं, दगडावर टेकली...

"ताई, चारची गाडी," दादाभाऊ म्हणाला. "हिच्यानंतर गाडी न्हाई."

वीस पानं उरली होती. फक्त वीस! कुशाबाईनं पुस्तक मिटून शीलाच्या मांडीवर ठेवलं. "ने बाय. शिक्का तुमचाच हाय."

पुस्तक मांडीवर जड लागत होतं. एसटीत बसलं की डिंभे यायच्या आत शेवट कळणार होता. पिशवीत टाकायचं, एवढंच काम. शीलानं पिशवी उघडलीसुद्धा. मग तिनं म्हातारीकडं बघितलं. कुशाबाई नाचणीत बोट फिरवत बसली होती, पुस्तकाकडं मुद्दाम न बघता.

शीलानं वाचन थांबलं त्या पानात तिकीट ठेवलं, फडकं बांधलं आणि पुस्तक आपल्या हातानं देव्हाऱ्यात ठेवलं. "पुढच्या रविवारी येते, आजी. दोघी मिळून बघू."

"तवर मी मेले तर?"

"मरून बघा! पैज कोण जिंकलं ते कळायचं नाही."

एसटीत प्राची तळेघरपासून डिंभ्यापर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "एक पान तरी बघायचंस." शीलाच्या मनातही तेच होतं, पण तिनं तसं कबूल केलं नाही.

दुसऱ्या रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोकुळही पिकअप घेऊन आला होता. परतीच्या गाडीची काळजी नको म्हणाला. कुशाबाई नवं लुगडं नेसून बसली होती, हौशीरामचा फोटो मांडीवर घेऊन. शीला वाचू लागली. पंधरा पानं, दहा, पाच. रखमा उठली. खाली कोकण दिसत होतं, धूर निघणारी घरं दिसत होती. तिनं पवळ्या-सोन्याच्या मानेवरचं जू उतरवलं, तीन दगड गोळा केले आणि खिंडीतच चूल मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळंल, भाकरी मिळंल. ती पुढंही गेली नाही आणि मागंही.

शेवटची ओळ वाचून शीलानं पुस्तक मिटलं.

मग कुशाबाईनं फोटोवर चापट मारली. "जिकलास रं म्हाताऱ्या! जिकलास!" आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती असं हसली, की सगळं अंगण हसत सुटलं.

शीलानं वाचनालयाची जुनी वही बरोबर आणली होती. 'तळेघरचे पावणे' या अक्षरांपुढं तिनं शाईनं लिहिलं, हौशीराम. खाली नवी ओळ घातली, कुशाबाई.

"माझं कशाला?" म्हातारीनं विचारलं.

"सभासद केलं तुम्हाला."

कुशाबाईनं रिकाम्या देव्हाऱ्याकडं बघितलं आणि लाल फडकं नीट घडी करून शीलाच्या हातात दिलं. "मग जागा मोकळी ठिवू नको. ह्याच्यात बांधून दुसरं आण. पर या टायमाला समदे खंड एकदम आण गं बाय!"