ढोलीतल्या पत्रावळ्या

नातवाच्या लग्नात अनुसयाबाई मनसोक्त मिरवली आणि तिने एकच हुकूम सोडला, उष्ट्या पत्रावळ्या घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात टाका. देवरीकडच्या त्या गावात आजवर प्रत्येक लग्नात हेच व्हायचं. पळसाची पानं खड्ड्यात कुजायची आणि खत होऊन धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जायची. पण या पत्रावळ्या तिच्या मुलाने, कैलाशने, गोंदियाहून आणल्या होत्या. चकचकीत, चंदेरी. म्हातारीला वाटलं, कागदच तो, कुजेल. इथेच ती फसली.

पाहुणे पांगले. कैलाश गोंदियाला परतला, नातू टिकेश बायकोला घेऊन पुण्याला गेला. खत मुरेपर्यंत त्याला मुलगीही झाली, भूमिका. त्या पावसाळ्यात ते खत पसरून बांधीत चिखल केला आणि चिखलातून चंदेरी तुकडे वर आले. रोवणीच्या बायकांना हसू आवरेना.

"बाई, तुमच्या बांधीत त चांदी पिकून राहिली."

अनुसयाबाईला मात्र रडू कोसळलं. सासऱ्याने ही बांधी तिच्या हाती सोपवली, तेव्हा तिच्यात मातीशिवाय काही नव्हतं. पणतीच्या पदरात ती अशी घालायची?

तेव्हापासून ती तुकडे वेचते. धान कापून झालं की कोरड्या बांधीत उतरते, नांगर फिरला की त्याच्यामागे वाकून चालते. गावाला तिची कीव येते, पण तिच्यासोबत कुणी वाकत नाही. शेवटी एकदा तिने कैलाशला फोन लावला.

"सगळे मिळून या न रे. लवकर वेचून होईल."

"काऊन मरून राहिली आई त्या कचऱ्यापायी? थे बांधी कोण करणार हाये आता? टिकेश त पुण्यातच घर घेऊन राहिला."

"टिकेश नाई त भूमिका येईल."

"बरं," कैलाश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आलं कुणीच नाही.

वेचलेलं टाकायचं कुठे, हा वेगळाच घोर. जाळावं तर धूर घशात बसतो, बोडीत टाकावं तर तिथे म्हशी पाणी पितात, पुरावं तर पुन्हा मातीच नासायची. मग तिने घरातली बांबूची मोठी ढोली उघडली. पूर्वी तीत वर्षाचं धान असायचं. आता एकटीला डबाभर तांदूळ पुरतो. वेचलेला तुकडा न् तुकडा धुऊन ती ढोलीत टाकते आणि वर झाकण ठेवते.

ती गेल्यावर कधीतरी मोठी झालेली भूमिका या घराचं कुलूप काढेल. पणजीने आपल्यासाठी काय ठेवलंय म्हणून ढोलीत वाकून पाहील. आत तिच्या आईबापाच्या लग्नातल्या पत्रावळ्या असतील, अजून तशाच चकचकीत.