बाटलीवरचं नाव झाकलं होतं

हो, प्यायले होते. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव त्यात अडकायला नको. बारावीत होते, सतरा पूर्ण झाली होती. शनिवारी कॉलेज लवकर सुटलं आणि गावामागच्या सड्यावर, जिथे नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या, तिथे बसून मी बिअरच्या बाटलीला तोंड लावलं. आम्ही तिघी होतो, बाटली एक. चव अशी की कारल्याचं पाणी गार करून दिलंय. तिसऱ्या घोटानंतर मला ढेकर आला आणि आम्ही हसत सुटलो. एवढाच तो प्रताप.

‘प्रताप’ हा शब्द माझा नव्हे, तालुक्यातल्या एका चॅनलवाल्याचा. सोमवारी दुपारी मोबाइलवर चालणाऱ्या त्याच्या बातम्यांमध्ये मी झळकले. ‘सभापतींच्या कन्येचा प्रताप! आई म्हणते दारूबंदी, लेक म्हणते एक घोट अजून!’ खाली अकरा सेकंदांचा व्हिडिओ. आमच्यातल्या तिसरीने तो हौसेने स्टेटसला लावला होता. पंधरा मिनिटांत घाबरून काढलाही, पण तेवढ्यात कुणीतरी तो उतरवून घेतला. त्या अकरा सेकंदांत बाटली माझ्या तोंडाला आहे, आणि बाजूला माझी मैत्रीण ओढणीत तोंड दाबून हसते आहे. तिचा अर्धा चेहरा दिसतो, माझा पुरता.

अल्पवयीन मुलीचा चेहरा झाकायचा असतो म्हणे. चॅनलवाल्याला झाकायची कला येत नव्हती असं नाही. त्याने बाटलीवरचं कंपनीचं नाव नीट धूसर केलं होतं. कंपनीची अब्रू सांभाळली, माझी उघड्यावर ठेवली. आजही तो व्हिडिओ कुणी माझ्यासमोर धरला की मी पहिलं तेच दाखवते.

आई तेव्हा पंचायत समितीची सभापती होती. राजकारण आमच्या घरात आधी कुणी केलेलं नाही. बाबा मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, गणपतीला आणि शिमग्याला येणार, बाकी फोनवर. जागा बायकांसाठी राखीव निघाली, आई बचत गटात न घाबरता बोलायची, म्हणून पक्षाने तिला उभं केलं आणि ती निवडून आली. त्यांना वाटलं होतं ही सांगू तिथे सही करेल. तिने मात्र पहिलं काम काढलं ते आमच्या फाट्यावरच्या बिअर शॉपीचं. एसटी जिथे थांबते त्याच्या समोरच ती शॉपी. संध्याकाळी कामावरून उतरणाऱ्या बायका पदर घट्ट धरून तिथून चालत. आईने वाडीवाडीत फिरून सह्या गोळा केल्या आणि मतदान लावून घेतलं.

या मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू हवं तर उभीवर शिक्का, बंद हवं तर आडवीवर. आणि त्यात एक मेख असते. गावातल्या एकूण बायकांपैकी अर्ध्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. म्हणजे जी बाई घरी बसली ती उभ्या बाटलीच्या बाजूने गेली. मतदान होतं पुढच्या मंगळवारी. माझा व्हिडिओ आला त्याच्या आठ दिवस आधी. आता ही वेळ आपोआप जुळून आली असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

आमच्याआधीच्या सभापतींच्या चिरंजिवांनी एकदा पिऊन गाडी विजेच्या खांबावर घातली होती. दोन दिवस अख्खं गाव अंधारात. तेव्हा याच चॅनलने ‘वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात’ अशी बातमी दिली होती. ताबा कशाने सुटला हे कुणी विचारलं नाही. क्रिकेटची टूर्नामेंट जिंकली की आमच्या वाडीतली पोरं मैदानाच्या मागे जे काही करतात त्याचा व्हिडिओ कधी निघाला नाही. तो माझा निघाला, कारण मी मुलगी होते आणि आई सभापती होती. तेव्हा मला राग मांडता येत नव्हता. आता येतो, म्हणून मांडते.

पण या गोष्टीत मी नुसती बिचारी नाही. सोमवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती. बाबांचा फोन येऊन गेला होता, त्यांना कॅन्टीनमध्ये कुणीतरी व्हिडिओ दाखवला होता. आईने मान वर केली नाही. एवढंच विचारलं, “कुणी आणलीन ती बाटली?”

मी म्हटलं, “तिनं आणलीन.” आणि ओढणीत हसणाऱ्या मैत्रिणीचं नाव घेतलं.

“खरं?”

“खरं.”

खोटं होतं ते. बाटली मी आणली होती. पैज लागली होती की कोण जाऊन मागेल, आणि तिघींत मोठ्या तोंडाची मी. दारू प्यायले तेव्हा मी भ्याले नव्हते, आईसमोर भ्याले.

मैत्रीण खालच्या वाडीतली, समुद्राकडची. तिची आई मासळी विकते. बंदरावरून माल घेऊन सकाळी डोक्यावर टोपली घेऊन आमच्याकडे वर चढते, आणि आमच्या दारात बसून आईच्या हातचा चहा पिऊन मग पुढे जाते. त्या घरातली बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आम्ही दोघी पाचवीपासून एका एसटीने, एका बाकावर.

मंगळवारी पक्षाचा तालुक्याचा पुढारी घरी आला. ओटीवर बसला, पोहे खाल्ले, आणि आईला म्हणाला, “वहिनी, हे उलटवता येईल. पोरीने कॅमेऱ्यासमोर सांगायचं, मैत्रिणीने बळेच पाजली, मला समजलंच नाही. रविवारी देवळात तुमची बायकांची सभा आहे ना? तिथेच घेऊ. सगळ्यांच्या साक्षीने.”

आई म्हणाली, “आणि त्या पोरीचं काय?”

“मासेवालीच्या पोरीची बातमी कोण करतंय? दोन दिवसांत विसरतील.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. त्याने तिथेच एका कागदावर चार ओळी लिहून माझ्या हातात दिल्या. अक्षर मात्र सुरेख होतं त्याचं.

लोक रविवारपर्यंत थांबतात थोडेच. बुधवारी खालच्या वाडीत बातमी पोचली होती की सभापतीबाईंच्या पोरीला मासेवालीच्या पोरीने बिघडवलंन. बुधवारी मैत्रीण एसटीला नव्हती. गुरुवारी नव्हती. तिची आई टोपली घेऊन वर आली नाही आणि आमच्याकडे तीन दिवस मासे शिजले नाहीत.

शुक्रवारी एसटी खालच्या वाडीच्या वळणावरून जात होती आणि मला ती खिडकीतून दिसली. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. अंगात कॉलेजच्या युनिफॉर्मचा कुर्ता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पुढून खाऱ्या पाण्याने भिजलेला. आमच्याकडे शाळेचा कपडा कामाला कधी काढतात हे मला सांगायला नको होतं. शाळा संपली की. आदल्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीला तो कुर्ता पुढे होईल म्हणून तिच्या आईने त्याला रफू केलं होतं, तो आता बोंबलांच्या पाण्यात होता.

कॉलेजमध्ये त्या दिवशी काय शिकवलं ते विचारू नका.

रविवारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या. खालच्या वाडीच्या बायका खांबापाशी एका बाजूला, त्यांत मैत्रिणीची आई. पदर डोक्यावरून, हात गुडघ्यांभोवती, नजर देवीकडे. चॅनलवाला त्याचा माइकचा दांडका नि कॅमेरा घेऊन हजर. पुढारी मागे खुर्चीवर. आईने मतदान कसं करायचं ते समजावलं आणि मग पुढाऱ्याने मला खूण केली.

मी कागद उघडला. पहिली ओळ वाचली, “मी सर्व माताभगिनींची माफी मागते.” दुसरी ओळ मैत्रिणीची होती. तिथे आले आणि मी कागदाची घडी घातली.

“बाटली मी आणली,” मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण देवळात आवाज घुमतो, सगळ्यांना ऐकू गेला. “तिनं नाय आणली. मी आईला खोटं सांगितलं. फाट्यावरच्या शॉपीत मी गेले, शनिवारी बारा वाजता, कॉलेजचा युनिफॉर्म घालून. त्यानं वय विचारलं नाय. कॉलेज कुठलं हे विचारलंन, नि पेपरात गुंडाळून दिलीन.”

चॅनलवाल्याने दांडका खाली केला. “ताई, हे नाही चालणार,” तो म्हणाला, “आपलं ठरलंय तेवढंच बोला.”

“का नाय चालणार?” मी विचारलं. “सात दिवस माझं तोंड दाखवलंत. कुणाची पोर ते सांगितलंत. बाटली कुणी विकली ते एकदा तरी विचारलंत? विचारा आता. मी सांगते हाय.”

त्याने कॅमेरा बंद केला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी बातमी होती ती आणि ती कुठेही लागली नाही. पण शंभरेक बायकांनी ऐकली. मागून कुणीतरी म्हणालं, “माझ्या पोरालाबी अशीच देतो तो मेला.” मग एकदम गलका झाला. त्या गलक्यातच मैत्रिणीची आई उठली, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्यामागून खालच्या वाडीच्या बायका एकेक करून उठल्या. मला वाटलं संपलं. मतदानही गेलं आणि मैत्रीणही गेली.

पुढारी आईच्या कानाशी जाऊन म्हणाला, “वहिनी, पुढच्या वेळी तिकीट विसरा.”

आई मला म्हणाली, “बस खाली.” मग राहिलेल्या बायकांकडे वळली. “ऐकलंत? अंगावर युनिफॉर्म बघूनसुद्धा देतो. आता मंगळवारी यायचं का घरी बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवा.” आणि सतरंजी गुंडाळायला लागली.

घरी तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही. जेवायला वाढलं. तीन दिवस बोलली नाही. बरोबर केलं तिने. मी तिच्या जागी असते तर आठवडा घेतला असता.

सोमवारी एसटीत मैत्रीण होती. कुर्ता धुतलेला होता, वास गेला नव्हता. ती पुढे ड्रायव्हरच्या मागे बसली, आमच्या बाकावर नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसायची हिंमत केली नाही.

मंगळवारी शाळेत मतदान. मला मत नव्हतं. गंमत बघा, बाटली विकत घ्यायला माझं वय पुरलं, बातमीत झळकायला पुरलं, आणि ती बाटली आडवी करायला मात्र कमी पडलं. मी फाटकाबाहेर वडाच्या पारावर बसून राहिले. दुपारपर्यंत वरच्या वाड्यांच्या बायका येऊन गेल्या. आई दारात उभी राहून यादीकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की पुरत नाही. खालच्या वाडीची एकही बाई आली नव्हती.

तीन वाजता त्या आल्या. बाजार उरकून, रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन, चढ चढून, सगळ्या एकदम. पुढे मैत्रिणीची आई. पारापाशी आली आणि थांबली. मी उभी राहिले. हात जोडले.

ती म्हणाली, “बाटली आडवी कराया आलंय मी. तुला माफ कराया नाय.”

आणि टोपली माझ्या पायाशी ठेवून, राख म्हणून न सांगता, आत गेली. तिच्या मागच्या बायकांनीही टोपल्या तिथेच ठेवल्या. त्या सगळ्या शिक्का मारून बाहेर येईपर्यंत मी टोपल्या राखत उभी होते. टोपल्यांवर घोंगावणाऱ्या माश्या हातरुमालाने हाकत होते आणि रडत होते, आणि आज मला त्याचं काहीएक वाईट वाटत नाही.

बाटली आडवी झाली. थोडक्या मतांनी, पण झाली. पिणारे आता पुढच्या फाट्यावर जातात हे मलाही माहीत आहे. आईला पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही. ती बचत गटात परत गेली आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलते. मैत्रीण परीक्षेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग बोलली. आता चिपळूणला नर्सिंग करते, फोन करते, तो विषय काढत नाही. तिची आई आमच्या दारात बसून चहा पिते, पण माझ्या हातचा पीत नाही. आईने केलेला पिते.

व्हिडिओ अजून आहे. गेल्या वर्षी मला बघायला आलेल्या मंडळींनी तो शोधून काढला होता. मुलाच्या मावशीने पोह्यांची बशी खाली ठेवून हळूच विचारलं, “ते खरं का?” मी म्हटलं, “खरं. पूर्ण बघा, अकरा सेकंदच आहेत.” मंडळी पुन्हा आली नाहीत आणि आमचे पोहेही संपले नाहीत. तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी कुणाला कधी विनवलं नाही, विनवणारही नाही. त्यात दिसते ती मीच आहे. त्या मुलीची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती स्वयंपाकघरात नारळ खवणाऱ्या आईला म्हटलेल्या दोन शब्दांची. त्यांचा व्हिडिओ कुणाकडे नाही. म्हणून ते मी इथे स्वतः लिहून ठेवते आहे: “तिनं आणलीन.”