बबनने जपलेला दाखला

बबनची बढाई ऐकायला मी रोज शांती नगरात त्याच्या टेबलाशी जाऊन बसायचो. चहा फुकट, बातम्याही फुकट. परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांवर शिक्के आणून देणं हा त्याचा धंदा. आधी मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीचा, मग त्या त्या देशाच्या वकिलातीचा. आपल्या हातून गेलेला कागद कधी परत आला नाही, हे तो लेकीचं स्थळ सांगावं तसं सांगायचा.

हाच बबन वीस वर्षांपूर्वी भाईंदर पूर्वेला लॅमिनेशनचं मशीन घेऊन बसायचा, हे मात्र नव्या गिऱ्हाइकांना मी सांगायचो. 'जन्मभराची गॅरंटी' अशी पाटी होती. दाखला हातात पडला की माणसं थेट त्याच्याकडे. माझा लग्नाचा दाखलाही त्यानंच प्लास्टिकमध्ये घातलाय. त्यातल्या फोटोत आमची ही अजून गप्प आहे.

आता पंचाईत अशी, की प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. असा कागद खिडकीवरूनच परत करतात. म्हणून बबन आपलंच जुनं काम इस्त्रीनं सोडवत बसायचा आणि मी त्याला पिडायचो.

गेल्या श्रावणात कोळीवाड्यातली शेवंती आली. तिचा स्वप्नील आखातातल्या एका बंदरावर क्रेनखाली चिरडून गेला होता. शेवंती त्याची आईच असल्याचा मूळ दाखला शिक्क्यांसकट सोमवारपर्यंत आला नाही तर इथंच पुरू, असा तिथून निरोप होता. तिला लेकाला खाडीकाठच्या स्मशानात स्वतःच्या डोळ्यांदेखत अग्नी द्यायचा होता.

लुगड्याच्या चिंधीतून तिनं त्याचा जन्मदाखला काढला. कडक, चकचकीत, बबनच्याच हातचा.

"तूच बोल्लेलास, यात पानी शिरनार न्हाय."

नवी प्रत मिळेना. गावची जुनी नोंदवही पुरात सडून गेलेली. बबननं इस्त्री तापवली, वर फडकं टाकलं, कडेनं ब्लेड सरकवलं. प्लास्टिक निघालं, पण शाई घेऊन. कागदावर स्वप्नीलचं नाव उरलं, तारीख उरली. आईच्या नावाची ओळ कोरी.

मी म्हटलं, पेनानं लिही की, कोण बघतंय.

"काका, तिथं पकडलं तर पोराला कायमचं तिथंच ठेवतील," तो म्हणाला.

प्रतिज्ञापत्र जोडून त्यानं कागद तसाच पाठवला. मंगळवारी तो शिक्क्याविना परत आला. बुधवारी स्वप्नीलला तिकडच्या वाळूत पुरलं.

आठवड्यानं शेवंती आली. भांडेल असं मला वाटलं, खरं सांगायचं तर मी त्यासाठीच थांबलो होतो. तिनं नुसतं ते सोललेलं प्लास्टिक मागितलं आणि उजेडाकडे धरलं. तिचं नाव त्यावर चिकटलेलं होतं.

"कागद ऱ्हाऊ दे तुला," ती म्हणाली. "मी त्याची आय हाय, ते हितं हाय."

लॅमिनेशनची गोष्ट आता नव्या गिऱ्हाइकांना बबन स्वतःच सांगतो. मी चहा पितो.